संबोधनातील सन्मान

(सिंदी मेघे, जि. वर्धा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



सिंदी मेघे हे गाव वर्धा शहराला इतके लागून आहे की गाव कोठे संपले आणि शहर कोठे सुरू झाले, हे नवख्याला सांगता येऊ नये. येथून थोड्याच अंतरावर दत्तपूर आहे. विनोबाजींचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये तेथे कुष्ठरुग्णांच्या सेवेचे कार्य उभे केले. रोग्याची सावलीही घरच्यांना नकोशी व्हावी, असा तो काळ होता. त्या संस्थेच्या नावात ‘महारोगी’ हा शब्द आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या वरोऱ्याच्या संस्थेच्या नावातही तोच शब्द आहे. संस्थांची नावे हा इतिहास असतो आणि तो खोडण्याचे कारण नाही. पण आपल्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला आज कोणी महारोगी म्हणाले, तर तो इतिहास राहत नाही. तो घाव होतो.

या शब्दाची कुळकथा मनोरंजक आहे. आयुर्वेदाने आठ व्याधींना ‘महागद’ म्हणजे महारोग म्हटले आहे. सुश्रुताच्या यादीत कुष्ठ आहे, तसा प्रमेहही आहे, मूळव्याधही आहे आणि मुतखडाही आहे. तेथे ‘महा’ या उपपदाचा अर्थ बरा करण्यास कठीण, एवढाच आहे. समाजाने मात्र आठांपैकी एकच व्याधी उचलली आणि ते नाव तिच्या कपाळी मारले. प्रमेहात आज ज्याची गणना होते तो मधुमेह घरोघरी आहे, पण मधुमेह झालेल्या काकांना कोणी महारोगी म्हणत नाही. कठोरता शास्त्राच्या शब्दात नव्हती. ती व्यवहाराने त्यात भरली.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला. १९४८ मध्ये हवाना येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रोग्याला रोगाच्या नावाने हाक मारणारा ‘लेपर’ हा इंग्रजी शब्द टाकून द्यावा, असे सुचविले. आपल्याकडे इंग्रजांनी १८९८ मध्ये केलेल्या कायद्याच्या नावातच तो शब्द होता आणि तो कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. कुष्ठरोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद त्यानंतरही तीन वर्षे विवाहविषयक कायद्यांत होती, ती २०१९ मध्ये गेली. मधल्या काळात औषध आले होते आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला होता. बहुविध औषधोपचाराचा प्रयोग देशात ज्या जिल्ह्यांत प्रथम झाला, त्यांत हा वर्धा जिल्हा होता. म्हणजे गोळी आधी पोहोचली आणि शब्द मागाहून निघाला.

आणि तोही अजून पुरता पोहोचलेला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार मोजले आहेत, त्यांत ‘कुष्ठरोगमुक्त व्यक्ती’ असा एक प्रकार आहे. हातापायांत उरलेल्या व्यंगासाठी सवलत मिळावी, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. तरीही विषमज्वरातून उठलेल्या माणसाला आयुष्यभर ‘विषमज्वरमुक्त’ म्हणून कोणी ओळखत नाही. कार्यालयीन कागदावर तो शब्द राहू द्यावा, पंगतीत आणि लग्नपत्रिकेत त्याचे काय काम?

सेवाग्राम येथून हाकेच्या अंतरावर आहे. संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री यांना कुष्ठरोग झाला आणि ते १९३९ च्या सुमारास आश्रमाच्या दारी आले. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, जवळच कुटी दिली, स्वतःच्या हाताने त्यांचे अंग चोळले. हे छायाचित्र पुष्कळांनी पाहिलेले असते. एक गोष्ट मात्र सहसा लक्षात येत नाही. आश्रमात आणि आश्रमाबाहेर त्यांचे नाव शेवटपर्यंत परचुरेशास्त्री हेच राहिले. रोगाने शरीर ग्रासले, पण त्यांची शास्त्री ही ओळख तेथे कोणी काढून घेतली नाही.

अपंगत्वाविषयी बोलावे कसे, हा प्रश्न पाश्चात्त्यांनी अलीकडे आपल्याला शिकविला, असा एक समज आहे. कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडून पाहावे. त्यातील तिसऱ्या अधिकरणात वाक्पारुष्याचे, म्हणजे कठोर वाणीच्या अपराधाचे, प्रकरण आहे. एकाक्ष माणसाला काणा किंवा पाय अधू असलेल्याला लंगडा म्हणून हिणविले आणि ते खरे असले, तर तीन पण दंड. खोटे असले तर सहा पण. ‘खरे तेच तर बोललो’ ही सबब कौटिल्याकडे चालत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही असे बोलणे खरे असले तरी दंड सांगितला आहे. पण कौटिल्याची खरी मर्मदृष्टी पुढे आहे. नेत्रहीनाला ‘काय सुंदर डोळे आहेत तुमचे’ असे म्हणून जो स्तुतीच्या आडून निंदा करतो, त्याला बारा पण! उघड शिवीच्या चौपट दंड या गोड बोलण्याला आहे. कुष्ठ आणि उन्माद यांवरून टोचून बोलण्याला तर दंड बारा पणांपासूनच सुरू होतो.

हे सूत्र हाती धरून आजच्या ‘दिव्यांग’ या शब्दाकडे पाहता येते. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २७ डिसेंबर २०१५ च्या ‘मन की बात’मध्ये ‘विकलांग’ऐवजी हा शब्द वापरावा असे सुचविले. पुढे तो केंद्राच्या विभागाच्या हिंदी नावात आला आणि महाराष्ट्रानेही २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निर्माण केला. ‘विकल’ म्हणजे उणे, मोडके. माणसाची ओळख उणेपणापासून सुरू होऊ नये, ही त्यामागील भावना निर्मळ आहे. अपंगांच्या काही संघटनांनी मात्र त्या वेळीच हरकत घेतली. अपंगत्व हे दैवी देणे नव्हे, आम्हांला पूजा नको, हक्क हवा, असे त्यांचे म्हणणे होते. ही हरकत राजकारण म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. ज्याला तालुक्याच्या कचेरीत जिना चढता येत नाही म्हणून दारातूनच परतावे लागते, त्याच्या प्रमाणपत्रावर ‘दिव्यांग’ लिहिलेले असते. लिहिणाऱ्याचा हेतू निंदेचा नसतो, हे खरे. पण त्या जिन्याखाली उभे राहून तो शब्द वाचताना त्या माणसाला तो स्तुतिनिंदेसारखा वाटला, तर दोष त्याचा नाही. शब्द चांगला आहे. मागे राहिली आहे ती आपली इमारत.

विदर्भाला याची दुसरी बाजूही ठाऊक आहे. अमरावती जिल्ह्यातील गुलाबराव महाराजांची (१८८१ ते १९१५) दृष्टी तान्हेपणीच गेली. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले आणि लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटले. ही पदवी कमावलेली होती. त्यांच्याभोवती ग्रंथ वाचून दाखविणारी आणि त्यांचे बोलणे लिहून घेणारी माणसे होती, हेही विसरता येत नाही. प्रत्येक अंध मुलाला प्रज्ञाचक्षू म्हणून मोकळे होणे आणि त्याला वाचून दाखविण्यास घरात कोणीच न बसणे, यात काय साधते? त्या मुलाला असामान्य होण्याची सक्ती का असावी? त्याला सामान्य गुण मिळवून सामान्य नोकरी करण्याचाही अधिकार आहे.

घरातील भाषेकडे वळू. पुष्कळ घरांत मुलाचे नाव एक आणि हाक ‘बहिऱ्या’ अशी असते. ती मायेने मारली जाते, असे समर्थनही होते. माया आईची असेल, पण तीच हाक शाळेत गेल्यावर दगड होते. ‘मूकबधिर’ हा शब्द फलकांवर अजून दिसतो, मात्र ऐकू न येणारी बहुतेक माणसे मूक नसतात. त्यांचा कंठ शाबूत असतो आणि हातांची संपूर्ण भाषा त्यांच्याजवळ असते. म्हणून कर्णबधिर म्हणावे. ‘मतिमंद’ हा शब्द एके काळी ‘वेडा’पेक्षा सभ्य म्हणून आला, पुढे तोही शिवी झाला. आता ‘बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती’ असे म्हणतात. उद्या हाही शब्द मळणार नाही, याची हमी कोण देईल? मनातील हेटाळणी गेली नाही, तर ती प्रत्येक नव्या शब्दाला आपला रंग लावते. तरीही मळलेला सदरा बदलावा लागतोच, तसे हे आहे. ‘व्हीलचेअरला खिळलेला’ हा वृत्तपत्रांचा आवडता प्रयोगही टाकावा. ती खुर्ची त्याला खिळवीत नाही, तीच त्याला घराबाहेर आणते.

एवढ्याने शंका उरलीच, तर त्या व्यक्तीलाच विचारावे. कोणाला ‘दिव्यांग’ आवडते, कोणाला ‘अपंग’ हा रोखठोक शब्दच बरा वाटतो, कोणाला ‘अंध’ म्हटलेले चालते. बहुतेकांना नुसते नाव पुरते. सोबत आलेल्या भावाला ‘हे चहा घेतात का?’ असे विचारणे, हा तर कोणत्याही चुकीच्या शब्दापेक्षा मोठा अवमान आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली होती. इतकी माणसे चहा घेतात की नाही, हे त्यांचे त्यांना सांगता येते.

उत्सवांच्या दिवसांत गावोगावी ‘दिव्यांग बांधवांचा सत्कार’ होतो. पत्रिका सुंदर असते, निवेदकाची भाषा त्याहून सुंदर. मग सत्कारमूर्तीला चार कार्यकर्ते खुर्चीसकट उचलून व्यासपीठावर नेतात, टाळ्या पडतात आणि तो माणूस खाली मान घालून शाल घेतो. ते टाळता येते. एक फूट चढावाला बारा फूट लांबीची उतरण, असे साधे प्रमाण आहे. दीड फूट उंच व्यासपीठाला अठरा फूट उतरण लागेल. मांडव घालणाऱ्याला ते आदल्या दिवशी सांगून चालत नाही. जागा ठरवितानाच सांगावे लागते.