साखरेचे चढउतार

सणासुदीला श्रीखंडाची वाटी पुढून उचलून 'गोड वर्ज्य' असा हुकूम सोडणारी गृहिणीच मध्यरात्री, यजमानांना दरदरून घाम फुटून हातपाय कापू लागताच, साखरेचा डबा घेऊन धावत येते आणि 'मुकाट्याने खा' म्हणून दटावते, हा मधुमेहाच्या संसारातील मोठा गमतीचा, परंतु सर्वस्वी शास्त्रसंमत प्रसंग होय. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेतल्यावर जेवणास विलंब झाला अथवा श्रम अधिक घडले, तर रक्तशर्करा दर डेसिलिटरमागे 70 मिलिग्रॅमच्या खाली उतरू शकते. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असल्यास सुमारे 15 ग्रॅम, म्हणजे तीन-चार लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून त्यास तत्काळ द्यावी, 15 मिनिटांनी तपासणी करावी आणि आवश्यक तर तीच मात्रा पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही न घालता त्यास त्वरित रुग्णालयात न्यावे. 1922 च्या जानेवारीत टोरांटो येथे एका चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिन टोचले गेले, तेव्हापासून असाध्य मानलेली ही व्याधी दीर्घायुष्याची सोबतीण झाली आहे. तेव्हा पथ्य निष्ठेने पाळावे, खिशात साखरेची पुडी सदैव बाळगावी आणि प्रसन्न चित्ताने जगावे.