भेटीनंतरचा स्नेह
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात तिरुवल्लिकेणी येथे झालेल्या सभेतील भाषण)



शाळासोबत्यांच्या संमेलनाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यवाहांनी केली आहे. संमेलनाविषयी सांगण्यासारखे फारसे काही नसते. जुन्या खोड्या आठवतात, डोळे पाणावतात, सहभोजन होते, छायाचित्र निघते आणि मंडळी आपापल्या गाड्या पकडतात. आमच्या मते खरा विषय त्या गाड्या सुटल्यानंतरचा आहे. इतक्या वर्षांनी जुळलेला धागा पुढे टिकवायचा कसा, आणि मुळात तो टिकवावा तरी कशासाठी?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या याच वस्तीने एकदा दिलेले आहे. कुंभकोणमच्या टाउन हायस्कुलात एका मोठ्या विद्यार्थ्याने एका लहान मुलाला कोडे घातले. एका संख्येच्या वर्गमुळात दुसरी संख्या मिळवली तर ७ येतात, आणि पहिल्या संख्येत दुसरीचे वर्गमूळ मिळवले तर ११ येतात. तर त्या संख्या कोणत्या? लहान मुलाने क्षणार्धात ९ आणि ४ असे उत्तर दिले आणि दोघांची मैत्री झाली. तो लहान मुलगा म्हणजे श्रीनिवास रामानुजन. मोठ्याचे नाव सी. व्ही. राजगोपालाचारी, हे पुढे गव्हर्नर जनरल झालेले राजाजी नव्हेत.

काही वर्षांनी या दोघांची मद्रासेत पुन्हा गाठ पडली. एक कायद्याचा अभ्यास करीत होता. दुसरा महाविद्यालयाच्या परीक्षेत अपयशी ठरून उपजीविकेच्या शोधात हिंडत होता. कुशल विचारून दोघे आपापल्या वाटेने गेले असते, तर त्या भेटीला काही अर्थ उरला नसता. परंतु राजगोपालाचारींनी मित्राला नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्रराव यांच्याकडे नेण्याचे मनावर घेतले. पहिल्या भेटीत रावांची खात्री पटली नाही, तरी मित्राने पिच्छा सोडला नाही. अखेर रावांनी रामानुजनना दरमहा २५ रुपये देऊ केले. फेब्रुवारी १९१२ मध्ये रामानुजननी पोर्ट ट्रस्टमधील नोकरीसाठी जो अर्ज केला, त्यावर तिरुवल्लिकेणीतील ‘समर हाउस’चा पत्ता आहे. १६ जानेवारी १९१३ रोजी, पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात कारकून असताना, त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना ते सुप्रसिद्ध पत्र लिहिले. त्यांची प्रतिभा स्वयंभू होती, यात शंका नाही. पण तिला पहिला भक्कम आधार मिळवून देण्यात शाळेतील एका जुन्या सोबत्याचा हात होता.

आपल्यापैकी कोणाच्या वर्गात रामानुजन नसेल. मात्र अडचणीत सापडलेला सोबती प्रत्येक वर्गात असतो, आणि कधी ना कधी ती पाळी आपल्यावरही येते. सोलापूरच्या शाळेतून १९८६ साली दहावी उत्तीर्ण झालेल्या आमच्या वर्गाचे संमेलन डिसेंबर २०१९ मध्ये भरले. पुढे तीन-साडेतीन महिन्यांतच देशभर टाळेबंदी झाली. आमच्या मातोश्री सोलापुरात एकट्या, आम्ही येथे, आणि रेल्वे बंद. अशा वेळी दोन गल्ल्या पलीकडे राहणारा एक वर्गमित्र दर सोमवारी रक्तदाबाच्या गोळ्या आणि भाजी दारात ठेवून, अंगणातूनच ‘काकू’ अशी हाक मारी आणि ओ आल्यावरच परत फिरे. संमेलनापूर्वी तेहेतीस वर्षे त्याची आमची गाठ नव्हती.

हा ओघ एकाच दिशेने वाहत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने हे शहर जलमय झाले. एका वर्गभगिनीचा मुलगा नुकताच नोकरीसाठी येथे आला होता आणि तिरुवल्लिकेणीतल्या एका मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या नोकरदारांच्या निवासगृहात, राहत होता. वीज गेलेली, फोन बंद. त्याच्या आईने आम्हांस कळविले आणि तासाभरात तो आमच्या घरी पिठले-भात जेवत होता. परमुलखात ‘मामा, मी येऊ का?’ असे विचारण्यास एक घर असणे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

आता धागा टिकवायचा कसा, याविषयी अनुभवाचे चार बोल. मोबाइलवरील समूहात रोज सकाळी फुलांची चित्रे आली म्हणजे संबंध टिकला, असे समजू नये. चाळीस जणांना उद्देशून विचारलेल्या ‘कसे आहात?’ला मनापासून उत्तर कोणी देत नाही. आमच्या वर्गाने पाच-पाच, सहा-सहा जणांचे गट पाडले. गटातील एकाने महिन्यातून एकदा इतरांशी प्रत्यक्ष बोलायचे, अशी प्रथा ठेवली. सर्वांचे पत्ते आणि घरातील एखाद्या माणसाचा क्रमांक यांची यादी दोघांकडे असते. त्यांपैकी एक गावातच राहणारा असतो.

जे संमेलनास आले नाहीत, त्यांची चौकशी आधी करावी. कोणाचा धंदा बुडालेला असतो, कोणी आजारी असतो, कोणाला आपल्या परिस्थितीचा संकोच वाटतो. अशांना हुद्दे आणि बंगले ऐकवू नयेत. मुलींचा शोध अधिक चिकाटीने घ्यावा लागतो. लग्नानंतर आडनाव बदलते आणि त्या जुन्या पटावरून हरवतात. आमच्या वर्गातील अकराजणींचा ठावठिकाणा माहेरच्या शेजाऱ्यांकडून लागला. आणखी एक पथ्य. विम्याची पॉलिसी, जमिनीचे व्यवहार व राजकीय वाद यांना या वर्तुळात प्रवेश नसावा. एकाने दुसऱ्याला गिऱ्हाईक मानले की तिसरा फोन उचलणे बंद करतो.

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्यांना हा स्नेह विशेष मोलाचा वाटतो. कचेरीत आपल्याला हुद्द्याने ओळखतात, शेजारी ‘सार’ म्हणतात. आईवडील गेले की एकेरी हाक मारणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरतात. आमच्या मातोश्री आज हयात नाहीत आणि सोलापूरच्या घराला कुलूप आहे. तरीही आम्ही सोलापूरला जातो, कारण स्टेशनावर ‘अरे, इतका उशीर?’ म्हणणारे कोणी तरी उभे असते.

शेवटी येथील पालकांना एक विनंती. आपली मुले याच शहरात, तमिळ सोबत्यांबरोबर शिकत आहेत. त्यांचे गाव हेच आणि त्यांची शाळा हीच. आपली बदली झाली की सामानाच्या यादीबरोबर मुलांच्या सोबत्यांचे पत्तेही उतरवून घ्या, आणि दिवाळीला, पोंगलला त्यांच्याकडून पत्र किंवा फोन करवा. पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ परस्परांची विचारपूस करण्यासाठीच निघाले. तीच सवय पुढच्या पिढीला लागो, अशी श्रीपार्थसारथीचरणी प्रार्थना करून आपली रजा घेतो.