कित्ता लोखंडाचा



मराठी शाळेत अक्षर घोटवण्यासाठी कित्ता असे. वरच्या ओळीत वळणदार अक्षरे आणि खाली मुलाचा चाचपडणारा हात. त्या नकलेला कोणी चोरी म्हटले नाही, कारण नक्कल हे साधन होते. साध्य होते ते मुलाचे स्वतःचे वळण. इंग्लंड-अमेरिकेत प्रौढ माणसे असाच एक कित्ता गिरवतात, मात्र लेखणीऐवजी पान्याने. नामांकित जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या सुट्या भागांचा संच, म्हणजे ‘किट’, विकत घ्यायचा आणि घरच्या गॅरेजात तिची प्रतिकृती उभी करायची, हा तेथे रुजलेला छंद आहे. त्यात निवड कशी करावी लागते, काम कसे चालते आणि माणसाच्या हाती काय लागते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

या छंदाला बळ दिले ते कराने. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ ही दोन आसनांची, अगदी हलकी मोटार आणली. ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर भारी खरेदीकर होता. सुट्या भागांवर तो नव्हता. अट एवढीच की, भागांसोबत जोडणीच्या सूचना देता येत नसत. तेव्हा कंपनीने मोटार खोलण्याच्या सूचना दिल्या. ग्राहकाने त्या शेवटाकडून वाचायच्या! १९७३ मध्ये नवी करपद्धती आली आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी ‘सेव्हन’चे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. सवलत गेली, छंद मात्र राहिला.

दुसरा आवडता नमुना ‘कोब्रा’. १९५९ ची ल मान्सची शर्यत जिंकणाऱ्या संघातील चालक कॅरल शेल्बी यांनी १९६२ मध्ये एसी या इंग्रज कंपनीच्या हलक्या मोटारीत फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवले. मूळ कोब्रा बनल्या हजाराच्या आसपास. आज त्या धनाढ्य संग्राहकांनाच परवडतात. म्हणून जगात कोब्राच्या प्रतिकृती मूळ मोटारींहून कितीतरी अधिक आहेत.

निवड करताना नवखा माणूस छायाचित्राला भुलतो. जाणकार आधी स्वतःची झडती घेतो. जागा किती? केवळ मोटारीपुरती जागा पुरत नाही. काढून ठेवलेली बॉडी आणि सुटे भाग यांनाही कोपरा लागतो. पैसा किती? जाहिरातीतील किंमत बहुधा संचापुरती असते. इंजिन, गिअरबॉक्स, चाके, रंगकाम यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. जुन्या मोटारीचे भाग काढून वापरले तर खर्च वाचतो, पण प्रत्येक भाग स्वच्छ करणे, तपासणे, झिजलेला बदलणे यांत वेळ जातो. आणि त्याच संचातून पूर्ण झालेल्या मोटारीत एकदा बसून पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत, हा अनुभवी मंडळींचा पहिला सल्ला. सेव्हनमध्ये उंच माणसाचे पाय अवघडतात, हे कागदावरून कळत नाही.

काम सुरू होते ते यादीने. प्रत्येक खोके उघडून भाग मोजायचे, मगच पान्याला हात लावायचा. चॅसिस, सस्पेन्शन, ब्रेक, इंजिन, वायरिंग आणि बॉडी असा साधारण क्रम. त्यातले बारकावेच खरे गुरू ठरतात. सस्पेन्शनच्या रबरी बुशांचे बोल्ट मोटार स्वतःच्या वजनावर उभी राहिल्यावरच शेवटचे घट्ट करायचे. चाके अधांतरी असताना आवळले, तर रबर कायमचे पिळलेले राहते. पत्र्याच्या मोटारीत बॉडीच विजेची परतीची वाट होते. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, म्हणून दिव्यादिव्याला अर्थिंगची वेगळी तार लागते. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढतात, म्हणजे राहिलेला नट नजरेत भरतो.

पुष्कळ मोटारी मात्र अर्धवटच विकल्या जातात. चाके लागेपर्यंत उत्साह असतो. पुढे तारा, नळ्या, दारांच्या फटी यांत महिने जातात आणि पाहणाऱ्याला काहीच पुढे सरकलेले दिसत नाही. जे आठवड्याला एक लहान काम संपवतात, तेच तडीस जातात.

शेवटी परीक्षा असतेच. ब्रिटनमध्ये २००९ पासून अशा मोटारींसाठी स्वतंत्र वैयक्तिक तपासणी आहे. ब्रेक, सुकाणू, दिवे, आसनपट्ट्यांची बैठक, इतकेच नव्हे, तर बाहेर आलेल्या कडांची गोलाईसुद्धा २.५ मिलिमीटरच्या मापाने पाहिली जाते. प्रतिकृतीवर मूळ मोटारीचा क्रमांक ठोकून ती अस्सल म्हणून विकणे ही फसवणूक ठरते. कित्त्याखाली स्वतःचेच नाव लिहायचे असते.

भारतात घरी जोडलेली एखादी मोटार रस्त्यावर आणण्याची अशी सुगम वाट नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मालकाला वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. रस्त्यावरील इतरांच्या जीविताचा विचार करता ही सावधगिरी समजण्याजोगी आहे. शिकण्याची वाट मात्र खुली आहे. इंदूरजवळच्या पीथमपूर येथे २००७ पासून सुरू झालेल्या ‘बाहा’ स्पर्धेसाठी अभियांत्रिकीचे विद्यार्थी नळ्यांची चॅसिस स्वतः आखतात, बांधतात आणि बंदिस्त मैदानावर कसाला लावतात. आपण जोडलेल्या ब्रेकवर आपलाच मित्र विसंबून उतार उतरणार आहे, ही जाणीव कोणत्याही गुणपत्रिकेहून कडक असते.

पालकांसाठी एक सूचना. मूल जुना पंखा किंवा सायकल खोलून बसले, तर रागावू नये. त्याला एक वही द्यावी आणि काढलेला प्रत्येक भाग क्रमाने लिहायला सांगावा. मग ती वही शेवटाकडून वाचत सारे पुन्हा जोडायला लावावे, आणि जोडून झाल्यावर एखादा स्क्रू हाती उरला, तर तो कुठला हे सापडेपर्यंत उठू देऊ नये.