मधुमेह, रक्तातील चरबी आणि बीजाचे पाणी



चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बीजा आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. कोणी त्याला बिबला म्हणतात. आयुर्वेदात तो विजयसार. त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवायचे आणि सकाळी रंग उतरलेले ते पाणी उपाशीपोटी प्यायचे, हा मधुमेहावरचा जुना उपाय. त्याची थट्टा करण्यासाठी आम्ही उभे नाही. अशा उपायाची पारख कशी होते, तेवढे सांगणार आहोत.

मधुमेह म्हणजे फक्त साखर, असा आपला समज. परंतु इन्सुलिन अपुरे पडले की चरबीच्या पेशींतून मेदाम्ले रक्तात सुटतात, यकृत त्यांचे ट्रायग्लिसराईड बनवते आणि ते रक्तात वाढत जाते. मधुमेही माणूस पुष्कळदा दगावतो तो हृदयविकाराने. म्हणून अर्काने साखर उतरली एवढ्यावर थांबता येत नाही. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराईड वेगळे मोजावे लागतात.

हे काम प्रथम पांढऱ्या उंदरांवर होते. अलॉक्सान किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून त्यांच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करतात. मग एका गटाला अर्क, दुसऱ्याला माहीत असलेले औषध, तिसऱ्याला नुसते पाणी; शिवाय निरोगी उंदरांचा एक गट. विद्यार्थ्यांनो, येथे रोजचे खाद्य तोललेच पाहिजे. अर्कामुळे भूक मेली आणि उंदीर कमी जेवला, तरीही ट्रायग्लिसराईड उतरते, आणि श्रेय मात्र वनस्पतीला जाते! झाडाची ओळख जाणकाराकडून पक्की करून नमुनाही जपावा. बाजारातल्या भुकटीवर केलेला प्रयोग नेमका कशावर झाला, हे कोण सांगणार?

उंदरांनंतर माणसे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने विजयसाराच्या अर्काची चाचणी नव्याने निदान झालेल्या मधुमेहींवर घेतली. ती 1998 साली प्रसिद्ध झाली. 12 आठवड्यांत 97 पैकी 67 रुग्णांची साखर आटोक्यात आली. ही लहान गोष्ट नव्हे. पण त्यांच्या रक्तातील मेदाच्या सरासरीत लक्षणीय फरक पडला नाही, आणि तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला गटही नव्हता. गुग्गुळाचे उलट झाले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यापासून कोलेस्टेरॉलवर औषध तयार केले. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत मात्र अपायकारक कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी थोडे वाढलेले आढळले.

तेव्हा पेल्यातले पाणी पिणाऱ्यांनी डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करू नये. पाणी पितो, हे त्यांना सांगावे, कारण दोन्ही मिळून साखर फार खाली जाऊ शकते. वर्षातून एकदा तरी रक्तातील चरबी तपासून घ्यावी. आणि सुट्टीत गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी वैदूला विचारावे : झाडाचा कोणता भाग, किती दिवस, कोणाला देत नाहीत? त्यांची संमती घेऊन, त्यांच्या नावासह ते गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत लिहून घेण्यास सांगावे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार ही नोंदवही ठेवली जाते.