तळ्याकाठी मुक्काम



काश्मीरमध्ये सोनमर्गहून चालत निघालं,
निचनाई खिंड ओलांडली,
की विशनसर तळं लागतं.
किशनगंगा नदी इथूनच निघते.
इथे ना नळ, ना दिवे, ना संडास.

अगदी काठावर तंबू ठोकायचा मोह होतो.
फोटोही झकास येतो म्हणा!
पण तंबू पाण्यापासून दूरच लावा.

रात्री गार हवा खोलगट जागी उतरते.
काठावर दमटपणाही जास्त.
पहाटे तंबूच्या आतून पाणी सुटतं,
आणि थेंब टपकतात थेट स्लीपिंग बॅगवर.
म्हणून थोडी उंच, सपाट जागा बघा.
तंबूची चेन जराशी उघडी ठेवा.

भांडी तळ्यात विसळू नका.
साबण तर नकोच.
हेच पाणी तिथले मेंढपाळ पितात.

पुन्हा सांगते, तंबू पाण्यापासून दूर.
निदान ७० पावलं मोजा, मगच खुंट्या ठोका.