नुसतं पाणी पाहायला

(वाशीम येथे बचत गटांच्या आणि महिला कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मेळाव्याच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'ग्रामीण स्त्री आणि सहल' असा विषय छापला आहे. तो वाचून मघाशी चहाच्या वेळी काही जणी हसल्या, ते मी ऐकलं. हसण्यात चूक काही नाही. मारहाणीच्या केसेस पडून आहेत, सातबाऱ्यावर बाईचं नाव चढत नाही, आणि ही बाई धबधब्याचं काय घेऊन बसली? दोन वर्षांपूर्वी मीसुद्धा हेच म्हणाले होते. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली, दहा-बारा वर्षं याच जिल्ह्यात काम केलं, पण 'बाईची मौज' हा विषय माझ्या कुठल्याच वहीत नव्हता.

तो आणला आमच्या एका गटातल्या काकूंनी. मासिक बैठक संपत आली होती. त्या म्हणाल्या, "ताई, सहस्रकुंड पाहाले जाऊ एकदा." मी विचारलं, तिथे काय काम आहे? त्या म्हणाल्या, "काम नाई. पानी पाहाचं हाये."

सहस्रकुंड आपल्याला परकं नाही. आपल्या रिसोड तालुक्याच्या कडेने जी पैनगंगा वाहते, तिचाच तो धबधबा. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली ही नदी एके काळी वऱ्हाड आणि निजामाचं राज्य यांची सीमा होती. आजही ती विदर्भ आणि मराठवाड्याच्या मधून वाहते. इसापूरच्या धरणात ती अडते, तिथून पुढे येते आणि सहस्रकुंडला काळ्या खडकांवरून अनेक धारांनी खाली कोसळते. एका काठावर यवतमाळचा उमरखेड तालुका, दुसऱ्या काठावर नांदेडचा किनवट. म्हणजे ज्या नदीवर आपण धुणी धुतली, तिचंच पुढचं रूप पाहायला जायचं, एवढीच मागणी होती.

मी मान्य केलं, पण एक गोष्ट केली. आज ती तुमच्यासमोर कबूल करायची आहे. घरच्यांनी परवानगी द्यावी म्हणून मी त्या सहलीला 'जलसंधारण अभ्यास दौरा' असं नाव दिलं. गटाच्या रजिस्टरमध्ये तसंच लिहिलं. दोन घरी स्वतः जाऊन नवऱ्यांना सांगितलं की भाऊ, शिकायला नेते आहे. खर्च मात्र प्रत्येकीने आपल्या मजुरीतून काढला, गटाच्या पैशाला हात लावला नाही.

भाद्रपदात महालक्ष्म्या उठल्या होत्या, निंदण संपलं होतं आणि सोयाबीन सोंगायला अजून वेळ होता. तेवढीच फट बाईच्या वर्षात असते. सोळा जणींनी नावं दिली होती. आदल्या रात्री पाच गळाल्या. कुणाचा नवरा बिघडला, कुणाकडे पाहुणे आले, एकीची तर फक्त 'लोक काय म्हणतील' यावर गाडी अडली. आम्ही अकरा जणी आणि मी, पहाटेच्या एस.टी.ने निघालो. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मं भाडं झालं आहे. त्या सवलतीवर पुष्कळ विनोद झाले, की बाया आता उगाच फिरतात म्हणून. मैत्रिणींनो, पुरुष उगाच फिरतो तेव्हा त्याच्यावर विनोद होतो का?

पुसदला गाडी बदलली, उमरखेडला पुन्हा बदलली, पुढे जीप केली. वाटेत माझ्या लक्षात आलं की कुणीच पाणी पीत नाही. बाटल्या भरलेल्या तशाच. कारण तुम्हाला सांगायला नको. वाटेतल्या एका बसस्थानकावर बायकांच्या शौचालयाला कुलूप होतं. धबधबा पाहायला निघालेल्या बाया तहानलेल्या बसल्या होत्या. पर्यटनाची धोरणं आखणाऱ्यांनी एवढं एक चित्र डोळ्यांसमोर ठेवावं. राज्याच्या पर्यटन विभागाने २०२३ साली 'आई' नावाचं महिलांसाठीचं धोरण जाहीर केलं, त्याचं स्वागतच आहे. पण आमच्यासाठी ते धोरण शौचालयाच्या कुलुपापाशी सुरू होतं आणि तिथेच त्याची परीक्षा होते.

पाण्याचा आवाज आधी आला. मग पाणी दिसलं. गढूळ, तांबूस, भरलेलं. आमच्या बाया काठावर उभ्या राहिल्या आणि बराच वेळ कुणी बोललंच नाही. मग काकू म्हणाल्या, "ताई, पानी डोक्शावर लय वाह्यलं. पन असं नुसतं पाहाले कधी नाई आलो."

पाच-सहा पोरं मोबाइल घेऊन आमच्याकडे वळली, तेव्हा आमच्यातल्या दोघी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पोरं निघून गेली. पाण्यात कुणी उतरायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. खडक निसरडा असतो, आणि वर इसापूरचे दरवाजे उघडले की पाणी वाढतं. हे तुम्ही गेलात तर लक्षात ठेवा. काठावर बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. एक जण तर चक्क झोपली. भर दुपारी, उघड्यावर, कुणी हाक मारणार नाही अशी झोप. तिने नंतर सांगितलं की लग्नानंतर दिवसा झोपल्याचं तिला आठवत नव्हतं.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत असं आढळलं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि ते काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. हे शहरातल्या आणि खेड्यातल्या दोन्ही बायकांचं सरासरी चित्र. शेतावरची मजुरी यात धरलेली नाही. त्या दुपारच्या झोपेची किंमत या आकड्यावरून कळते.

परतताना जीपमध्ये काकूंनी मला विचारलं, "ताई, आपन खोटं काहून बोललो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर खूप विचार केला. आपली बाई घराबाहेर पडत नाही, हे खरं नाही. ती ऊसतोडीला जाते, वीटभट्टीवर जाते. पोहरादेवीला जाते, पंढरीला जाते. बाळंतपणाला माहेरी जाते, मयतीला जाते. म्हणजे कामासाठी, देवासाठी आणि नात्यासाठी तिला रस्ता मोकळा आहे. फक्त स्वतःसाठी नाही. आणि मी, चळवळीतली कार्यकर्ती, मीही तिच्या आनंदाला कामाचं लेबल लावलं. तिच्या बाहेर जाण्याचा काही 'उपयोग' दाखवला पाहिजे, हे जसं तिच्या सासरचं मत, तसंच माझंही निघालं.

नावाची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक सांगते. पूर्व आफ्रिकेत, युगांडात, नाईल नदीवर एक प्रचंड धबधबा आहे. एवढी मोठी नदी तिथे सात-आठ मीटरच्या फटीतून खाली झेपावते. १८६४ साली सॅम्युएल बेकर हा इंग्रज प्रवासी तिथे पोहोचला. त्याच्याबरोबर फ्लॉरेन्स होती. वाटेत ती मरणाच्या दारातून परत आलेली, पण शेवटपर्यंत बरोबर चाललेली. धबधब्याला नाव मिळालं मर्चिसन यांचं, जे लंडनच्या भूगोल संस्थेचे अध्यक्ष होते आणि त्या वाटेने आलेच नव्हते. तिथल्या लोकांनी आधी दिलेलं नावही मागे पडलं. बाई तिथे होती, पण कागदावर नाही. आमचं रजिस्टर उघडलं तर त्यातही तेच. अकरा बाया पाणी पाहायला गेल्या, हे कुठेच लिहिलेलं नाही. लिहिलंय, जलसंधारण.

या खोट्याची किंमत मी मोजली नाही, एका बाईने मोजली. घरी गेल्यावर नवऱ्याने तिला विचारलं, काय शिकून आली, सांग. ती म्हणाली, "काही नाई शिकली. पानी पाह्यलं." त्याला वाटलं, फसवलं. त्या रात्री तिने मार खाल्ला. मी गेले, गटातल्या चौघी गेल्या, बोललो, समज दिली, तक्रार करायची का तेही तिला विचारलं. तिने नको म्हटलं. तो मला म्हणाला, "मॅडम, तुम्हीच तर अभ्यास म्हणून सांगितलं होतं." मार मारण्याचं समर्थन कशानेच होत नाही, हे मी त्याला ठणकावून सांगितलं. पण त्याच्या त्या वाक्याला माझ्याकडे जबाब नव्हता. ती बाई आजही बैठकीला येत नाही. रस्त्यात भेटली की मात्र हळूच म्हणते, पुन्हा जाल तेव्हा सांगा.

म्हणून आज माझं म्हणणं एवढंच आहे. विश्रांती आणि फुरसत हा माणसाचा हक्क आहे, असं १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या २४ व्या कलमात लिहिलं आहे. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा जो आंतरराष्ट्रीय करार १९७९ साली झाला आणि भारताने १९९३ साली मान्य केला, त्याच्या १३ व्या कलमात करमणुकीचा हक्क स्पष्ट शब्दांत आहे. तो आपण कधी मागितलाच नाही, कारण तो मागायची आपल्यालाच लाज वाटते. पोटाचा प्रश्न सुटला की मग मौज, असं आपण म्हणत राहतो. पोटाचा प्रश्न सुटायची वाट पाहून पुरुष कधी थांबला आहे?

गेल्या भाद्रपदात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी कुणाच्या नवऱ्याकडे मी गेले नाही. बायांनी आपापल्या घरी स्वतः सांगितलं, जे आहे ते सांगितलं. सातच जणी आल्या. पहिल्यापेक्षा चार कमी. संख्या कमी झाली, हे मी लपवत नाही. पण त्यात एकीची सासू होती, वय साठीच्या पुढचं. सुनेने पहिल्या खेपेला सांगितलेलं पाणी तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

रजिस्टर मी काकूंच्या हाती दिलं. त्या सही करण्यापुरतंच लिहायला शिकल्या आहेत. नातीला जवळ बसवून त्यांनी लिहून घेतलं: 'आम्ही सात बाया सहस्रकुंडला पाणी पाहायला गेलो.' खाली सात सह्या आहेत.

तुमच्या गटाच्या रजिस्टरमध्ये असं एखादं वाक्य आहे का, ते घरी गेल्यावर जरूर पाहा.