पीट आणि पोयटा



भूगोलात कोळशाचे प्रकार होते : पीट, लिग्नाइट, बिटुमिनस, अँथ्रासाइट. चाचणीत मी ‘पीट’ऐवजी ‘पोयटा’ लिहिलं आणि सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. तुम्ही कोणी ते विसरलेला नाहीत. सकाळपासून तिघांनी आठवण करून दिली!

त्या पीटची गाठ पडली इंग्लंडात, मुलीकडे गेलो तेव्हा. तिकडे नॉरफोक भागात ‘ब्रॉड्स’ नावाची उथळ तळी आहेत. ती निसर्गानंच केली, असं लोक धरून चालले होते. १९५० च्या दशकात जॉइस लँबर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी तिथे जमिनीत भोकं पाडून थर तपासले. तळ्यांचे काठ उतरते नव्हते, भिंतीसारखे उभे कापलेले होते. मध्ये न खणलेले बांधही सापडले. म्हणजे दलदलीतलं पीट मध्ययुगात माणसांनी जळणासाठी खणून नेलं होतं. पुढे पाणी चढलं आणि खड्ड्यांची तळी झाली.

हे ऐकताना मला आपलं कृष्णाकाठचं मळीचं रान दिसायला लागलं. कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत नदीकाठच्या पोयट्यानं किती वीटभट्ट्या पोसल्या! आमच्या वडिलांनीही पोयटा विटांना दिला. दोन पुरुष खोल खड्डा, काठ सरळ, आणि एका बाजूला गाढवं उतरायला ठेवलेली मातीची वाट. पावसाळ्यानंतर त्यात पाणी साठायचं, पाणकणीस माजायचं. आपल्यातले निम्मे तिथेच पोहायला शिकले. शाळेच्या मागच्या तीन खोल्यांच्या विटा त्याच मातीच्या. त्या खोल्या पाडल्या, हे तुम्ही आज पाहिलंच.

आता कबुली देतो. २०१९ च्या महापुरानंतर भावानं तो खड्डा मुरूम टाकून बुजवला. पैसे मीच पाठवले. ऊस होईल, एवढाच विचार केला. इंग्लंडची ती सहल त्यानंतरची.

पण खड्डा पुरता गेलेला नाही. भरावावरचा ऊस आखूड आणि पिवळट आहे, भोवतीचा हिरवागार. शेजारच्या पाण्याच्या टाकीवरून पाहिलं तर चौकोन दिसतो. फक्त गाढवांची वाट कुठल्या कोपऱ्यात होती, यावर भावाचं आणि माझं जमत नाही. ज्यांच्या घरची गाढवं तिथं माती वाहायची, ते आपले दोन वर्गमित्र समोरच बसले आहेत.

उद्या सकाळी सातला मळीत या. ऊस तुटण्याआधी आखणी करून नकाशा काढायचा आहे. टेप मी आणली आहे, चहा भावाकडे.